कर्म यंत्राचं, फळ मालकाचं

माणसासारखं यंत्र घडवणं म्हणजे देवाच्या कामात ढवळाढवळ, ही तक्रार मुळात आपली नाही. ठाण्यात भाद्रपद आला की घरोघर मातीचा देव येतो. कारागिराने त्याला डोळे रेखलेले असतात, हात, पोट, सोंड सगळं दिलेलं असतं. गुरुजी प्राणप्रतिष्ठेचे मंत्र म्हणतात आणि तिथून पुढे घराला कुलूप घालून बाहेर पडायचं नसतं, नैवेद्य चुकवायचा नसतो. दीड दिवसाने, पाच दिवसांनी किंवा अनंत चतुर्दशीला तोच देव पाण्यात जातो आणि पुन्हा माती होतो. मूर्ती घडवणं, तिच्यात प्राण आणणं आणि ते निरोप देऊन सोडणं, हे सगळं ज्या समाजाने पंचांगात बसवून टाकलं, त्याने ‘माणूस देव व्हायला निघाला’ म्हणून गळा काढावा हे मला उसनं वाटतं.

तरी हा गळा हल्ली वारंवार काढला जातो. व्याख्यानमालेत, कीर्तनाच्या उत्तररंगात, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. यंत्राला आत्मा नाही, बुद्धी ही ईश्वराची देणगी, तिची नक्कल म्हणजे पाप, अशी ती मांडणी असते. मी सश्रद्ध माणूस आहे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवर माझा आक्षेपही धार्मिकच आहे. पण तो हा नव्हे. चुकीच्या जागी लावलेला आक्षेप खऱ्या आक्षेपाची जागा अडवतो, म्हणून आधी हा बाजूला करायला हवा.

इंग्लिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंगने १९५० साली ‘यंत्रं विचार करू शकतील का’ या प्रश्नावर जो निबंध लिहिला, त्यात संभाव्य आक्षेपांची यादी आहे. नऊ आक्षेपांतला पहिलाच धर्मशास्त्रीय: विचार हे अमर आत्म्याचं काम आहे, आत्मा देवाने फक्त माणसाला दिला, सबब यंत्र विचार करू शकत नाही. ट्युरिंगचं उत्तर खोचक होतं. मुलं जन्माला घालताना आपण देवाचा अधिकार हिरावतो का? नाही, देवाने निर्मिलेल्या आत्म्यांसाठी फक्त घरं तयार करतो. यंत्राचंही तसंच समजा. वाद ख्रिस्ती चौकटीतला होता आणि त्या चौकटीत उत्तर चोख होतं.

आपल्या चौकटीत मात्र हा वाद उभाच राहत नाही. सांख्य दर्शनाने बुद्धीला जड मानलं. मन, बुद्धी, अहंकार ही सारी प्रकृतीची अपत्यं. चैतन्य तेवढं पुरुषाचं, म्हणजे साक्षी आत्म्याचं, आणि तो काही करत नाही, नुसता पाहतो. गीतेच्या सातव्या अध्यायात भूमी, पाणी, अग्नी, वायू आणि आकाश यांच्याच पंगतीत मन, बुद्धी आणि अहंकार बसवले आहेत. अष्टधा प्रकृती म्हणतात ती हीच. म्हणजे बुद्धी हा मातीपाण्यासारखाच एक पदार्थ, जास्त सूक्ष्म एवढंच. मग सिलिकॉनच्या चकतीवर बुद्धीसारखं काही चालू लागलं तर सांख्यवाद्याने दचकण्याचं कारण काय? तो म्हणेल, प्रकृती प्रकृतीचं काम करते आहे. दचकायचं त्यांनी, ज्यांनी बुद्धी म्हणजेच आत्मा असा हिशोब मांडून ठेवला होता.

दुसरी अडचण बोलण्याची: यंत्र माणसासारखं बोललं म्हणून ते माणूस ठरतं का? ठाण्यात टेंभी नाक्याजवळ बेने इस्राएली या यहुदी समाजाचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ आहे, १८७९ सालचं. घरात मराठी बोलणाऱ्या, बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तनं करणाऱ्या या लोकांच्या धर्मपरंपरेत माणसाने बनवलेल्या माणसाची गोष्ट फार जुनी आहे. तालमुद या यहुदी धर्मग्रंथात रावा नावाचा धर्मपंडित एक माणूस निर्माण करतो आणि त्याला रब्बी झेरांकडे पाठवून देतो. झेरा त्याच्याशी बोलून पाहतात. तो उत्तर देत नाही. ते ओळखतात आणि म्हणतात, तू आमच्या पंडितांच्या हातचा दिसतोस, परत मातीत जा. पुढे यातूनच गोलेमच्या, म्हणजे माणसाने घडवलेल्या मातीच्या माणसाच्या, दंतकथा वाढल्या. १९६५ मध्ये इस्राएलमधल्या वाइझमन संस्थेच्या नव्या संगणकाला ‘गोलेम’ हे नाव दिलं गेलं, आणि ते सुचवणारे होते यहुदी गूढवादाचे मोठे अभ्यासक गेर्शोम शोलेम.

या गोष्टीत माणूस ओळखायची कसोटी एकच: बोलतो का. ट्युरिंगचीही तीच: गप्पांमध्ये यंत्र माणसापासून वेगळं ओळखू आलं नाही, तर झालं. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतही मूर्तींची टिंगल तशीच केलेली आहे, त्यांना तोंड आहे पण बोलता येत नाही. व्हॅटिकनने जानेवारी २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवर जो विस्तृत दस्तऐवज काढला, त्यात याच स्तोत्राचा आधार घेऊन म्हटलंय की हे यंत्र जुन्या मूर्तींपेक्षा जास्त भुलवणारं ठरू शकतं, कारण ते बोलतं, निदान बोलण्याचा आभास तरी निर्माण करतं. इशारा रास्त आहे. पण मूर्तिपूजक म्हणून मला त्यात एक गंमतही दिसते. आमच्या देवाचं न बोलणं हा आम्हाला कधी दोष वाटलाच नव्हता. कोपिनेश्वराच्या गाभाऱ्यात उभं राहून माणूस गाऱ्हाणं घालतो, आणि उत्तर येत नाही म्हणून घरी परतताना स्वतःच विचार करत चालतो. चोवीस तास तत्काळ उत्तर देणारा देव कुणी मागितला होता, कोण जाणे.

आणि मराठी माणसाला तर बोलण्याच्या कसोटीचं भय सातशे वर्षांपूर्वीच उरलं नाही. पैठणला ज्ञानदेवांनी रेड्यामुखी वेद वदवले, ही कथा आपण चमत्कार म्हणून सांगतो. मला ती वेगळी दिसते. वेदपठणाच्या अधिकारावर ज्यांची प्रतिष्ठा उभी होती त्यांच्यासमोर रेडा ऋचा म्हणू लागला. त्या दिवशी रेडा पंडित झाला नाही. पंडितांचा दावा रेड्याएवढा झाला. अस्खलित उच्चाराने कुणी ज्ञानी ठरत नाही, हे त्या कथेचं मर्म. तुकोबांनी तर स्वतःलाच त्या जागी बसवलं: ‘साळुंकी मंजुळ बोलतसे वाणी, शिकविता धनी वेगळाची’. गोड बोलणाऱ्या पक्ष्यामागे शिकवणारा कुणी दुसराच असतो, हे देहूच्या वाण्याला माहीत होतं. आज एखादं भाषिक मॉडेल, म्हणजे चॅटबॉटमागचं यंत्र, ओवीछंदात प्रार्थना रचून देतं तेव्हा आपले सुशिक्षित लोक ‘याला कळतंय हं’ म्हणून थक्क होतात. साळुंकीला दाद द्यावी, हरकत नाही. पण धनी कोण, ही विचारणा त्याच दमात व्हायला हवी.

इथून माझा आक्षेप सुरू होतो. तो कर्माच्या अंगाने आहे.

कुठल्याही पूजेच्या आरंभी संकल्प सोडतात. पळीभर पाणी हातावर घेऊन देश, काळ, शालिवाहन शक, संवत्सर, तिथी, गोत्र आणि नाव उच्चारायचं आणि मग ‘करिष्ये’, म्हणजे ‘मी करीन’, म्हणायचं. दंडकारण्य आलं, गोदावरीचा तीर आला, सगळा पत्ता आला. लहानपणी ही मला नुसती लांबण वाटायची. पण त्यामागची व्यवस्था कडक आहे: हे काम कुणी, कुठे, कधी आणि कशासाठी केलं, याची नोंद काम होण्याआधीच करायची. पुढे फळ येईल ते याच पत्त्यावर येईल, गोड असो की कडू. ज्याला स्वतःचं नाव घेऊन ‘करिष्ये’ म्हणता येत नाही त्याच्याकडे यजमानपण देत नाहीत. हात गुरुजींचे चालतात, आहुती त्यांच्या हातून पडते, पण यजमान ठरलेला असतो.

आत्मा न मानणाऱ्यांनाही हे टळत नाही. भगवान बुद्धांनी आत्मा नाकारला आणि तरी कर्म ठेवलं. चेतना म्हणजे हेतू, त्यालाच मी कर्म म्हणतो, असं त्यांनी भिक्खूंना सांगितलं. म्हणजे ‘यंत्रात आत्मा आहे की नाही’ या वादात न पडताही विचारता येतं, की हेतू कुणाचा होता. मुंब्र्यातल्या एखाद्या मौलवींना विचारलंत तर ते हदीस सांगतील: सजीवांच्या प्रतिमा घडवणाऱ्यांना कयामतच्या दिवशी म्हटलं जाईल, तुम्ही जे घडवलंत त्यात आता प्राण घाला. तिथेही जाब प्रतिमेला विचारत नाहीत, घडवणाऱ्याला विचारतात.

हेच आज उलटं चाललंय. कर्ज नाकारलं, कुणी केलं? सिस्टीमने. नोकरीचा अर्ज माणसाने न बघताच बाद झाला, कुणी केला? सॉफ्टवेअरने. तेलंगण सरकारची ‘समग्र वेदिका’ नावाची प्रणाली वेगवेगळ्या सरकारी नोंदी एकमेकींशी जुळवून कोण गरजू आणि कोण नाही ते ठरवायला मदत करते. तिने एका गरीब विधवेच्या कुटुंबाला मोटारीचं मालक ठरवलं. तिचा नवरा रिक्षा ओढायचा. रेशन बंद झालं. अशा तक्रारी इतक्या वाढल्या की २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द झालेल्या शिधापत्रिकांची प्रत्यक्ष जाऊन फेरतपासणी करायला लावली. त्या बाईच्या ताटातली भाकर काढून घेण्याचं कर्म कुणाच्या नावावर लागलं? यंत्राच्या म्हणावं तर यंत्राला भूक नाही, लाज नाही, पुढचा जन्म नाही. भोक्ताच नाही तर कर्ता म्हणून त्याचं नाव लिहून उपयोग काय?

यावर एक चतुर उत्तर येतं आणि ते धार्मिक भाषेतच येतं. गीता कर्तृत्वाचा अहंकार सोडायलाच सांगते ना? अर्जुना, तू निमित्तमात्र हो. तुकोबाही म्हणतात, मी माझ्या बळाने बोलत नाही. मग यंत्राला कर्ता म्हटलं काय आणि कुणालाच म्हटलं नाही काय! हा युक्तिवाद ऐकायला बरा लागतो, म्हणून त्याची उलटतपासणी करू. तुकोबांनी श्रेय सोडलं. भोग सोडला नाही. दुष्काळात घर उद्ध्वस्त झालं, आणि परंपरा सांगते की सावकारीच्या कागदांतला भावाचा हिस्सा भावाला देऊन त्यांनी स्वतःच्या वाटणीची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. तोटा आपल्या अंगावर घेतला. गीतेचा श्लोक शाळकरी पोरालाही पाठ असतो: कर्मावर अधिकार, फळावर कधीही नाही. यंत्राच्या आडोशाने जे चाललंय त्यात फळ घट्ट धरलेलं आहे, शेअरबाजारात ते दर तिमाहीला मोजलं जातं, आणि सोडून दिलंय ते कर्म. निष्काम कर्मयोग पार उलटा टांगलाय. यंत्राने माणसासारखं बोलावं याची मला धास्ती नाही. माणसाने यंत्रामागे उभं राहून ‘मी नाही त्यातला’ म्हणावं, हे मला अधर्म वाटतं.

आता माझ्याच बाजूची एक अडचण. निर्णय दुसऱ्यावर सोपवायची सवय आपल्याला संगणकाने लावलेली नाही. ठाण्यातली बरीच कुटुंबं कोकणाशी नाळ राखून आहेत, आणि गावी देवळात कौल लावणं अजून चालू आहे. पाषाणाला तांदळाचे दाणे किंवा पाकळ्या चिकटवतात, गुरव गाऱ्हाणं घालतो, उजवी पडली तर एक अर्थ, डावी पडली तर दुसरा. लग्न, जमीन, विहीर, सगळं त्यावर ठरलेलं आहे. मग चॅटबॉटला विचारणं आणि कौल लावणं यात फरक तो काय? दोन्हीकडे उत्तर आपल्याला न कळणाऱ्या वाटेने येतं. कौलावर ज्यांनी आयुष्यं सोपवली त्यांची फसगत झाली नाही असं मी म्हणणार नाही. मुली नकोशा ठिकाणी दिल्या गेल्या, भावकीतले कावे देवाच्या नावावर खपले. पण कौल भर मांडावर, म्हणजे गाव जमतं त्या जागी, मानकऱ्यांसमोर होतो. गुरवाचं घर देवळामागेच असतं. त्याने लबाडी केली तर पुढच्या जत्रेला त्याला त्याच लोकांत उभं राहायचं असतं. आणि कौल आपल्या बाजूने लागेपर्यंत पुन्हा पुन्हा मागणाऱ्याला गाव हसतं. चॅटबॉटला हाच प्रश्न दहा वेगवेगळ्या शब्दांत विचारून हवं ते उत्तर काढून घेतलं, तर हसायला कुणी नसतं.

धर्माच्या क्षेत्रातच हे यंत्र शिरलंय, ते मला वाटतं लवकर उघडं पडेल. अमेरिकेतल्या एका कॅथलिक संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये ‘फादर जस्टिन’ नावाचा संगणकी धर्मगुरू आणला. त्याने कुणाला तरी सांगून टाकलं की अडचणीत गॅटोरेड या शीतपेयानेही बाप्तिस्मा चालेल. दोन-चार दिवसांत त्याची पाद्र्याची कॉलर काढून साधा ‘जस्टिन’ केला गेला. आपल्याकडेही गीतेच्या नावाने उत्तरं देणारे चॅटबॉट निघाले, कृष्णाच्या प्रथमपुरुषी आवाजात बोलणारे. अर्जुनाला उपदेश करणारा त्याच्या रथाची दोरी धरून बाणांच्या टप्प्यात बसला होता, एवढं तरी ते करणाऱ्यांनी लक्षात घ्यायचं. पुण्यात गणेशोत्सवात यंत्रहाताने आरती ओवाळल्याचा व्हिडिओही लोकांनी कौतुकाने फिरवला. मला राग नाही आला, करमणूकच झाली. पण आरती हा तबक फिरवण्याचा व्यायाम आहे असं ज्याला वाटतं त्याने पंखाही लावून ठेवावा.

खरं तर संगणकाची जागा आपल्या धर्माने कधीच ठरवून दिलेली आहे. खंडेनवमीला ऐरोलीच्या कचेऱ्यांत संगणकाला हळदकुंकू लागतं, तुर्भ्याच्या बाजारात हमालाच्या हुकाला लागतं, रिक्षाला झेंडूची माळ चढते. हत्याराची पूजा. हत्याराबद्दल कृतज्ञ राहायचं, त्याला धार ठेवायची, आणि वार झाला तर तो आपण केला हे विसरायचं नाही. त्याला देव्हाऱ्यात नेऊन बसवायचं नाही आणि आरोपीच्या पिंजऱ्यातही उभं करायचं नाही.

नवी मुंबईत राहणाऱ्याला तर या यंत्राचं शरीर रोज दिसतं. ‘क्लाउड’ ढगात नाही, तो ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यावर जिथे पूर्वी रसायनांच्या कारखान्यांचा वास यायचा तिथे आता खिडक्या नसलेल्या इमारती उभ्या आहेत. आत सर्व्हर, बाहेर जनरेटर आणि थंडाव्याची यंत्रणा. बांधून झाल्यावर तिथे माणसं थोडीच लागतात. हा एमआयडीसीचा पट्टा, त्याला पाणी बारवी धरणाचं, आणि त्या धरणाची उंची वाढवताना मुरबाडकडच्या लोकांची घरं गेली. जमिनी आगरी-कोळ्यांच्या. नवी मुंबई वसवण्यासाठी ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. १९८४ च्या जानेवारीत जासईच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच शेतकरी मारले गेले, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं धोरण आलं. या गावांच्या गावदेवी अजून जागच्या जागी आहेत, टॉवरांच्या बेचक्यात. यंत्राला आत्मा आहे का, हा प्रश्न परिसंवादात ठीक. त्याच्या देहासाठी कुणी काय सोडलं हा प्रश्न गावदेवीच्या पारावर विचारला जातो, आणि मला तो जास्त धार्मिक वाटतो.

धर्मसंस्थांनी यात काय करावं? व्हॅटिकनने २०२० मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएमसारख्या कंपन्यांना एका नैतिक जाहीरनाम्यावर सह्या करायला बसवलं. जाहीरनाम्यांनी जग बदलत नाही, पण निदान कुणाची तरी सही मागितली गेली. आपल्याकडे देवस्थानांचा या तंत्रज्ञानाशी संबंध येतो तो बहुतेक रांगेचे कॅमेरे आणि ऑनलाइन दर्शनपास यांपुरता. त्यांनी तत्त्वज्ञानाची परिषद भरवावी असं मी म्हणत नाही; ती भरेल, शाली वाटल्या जातील आणि जेवण होईल. एकच साधी गोष्ट मागावी. नागरिकाला काही नाकारणारा कुठलाही कागद, मग तो ठाणे महापालिकेचा असो, नवी मुंबईचा असो की बँकेचा, त्यावर निर्णय घेणाऱ्या माणसाचं नाव आणि हुद्दा हवा. यंत्राने सल्ला दिला असेल तर तेही लिहावं. संकल्पात असतं तसं: कुणी, कुठे, कधी, कशासाठी.

माझा भाचा महाप्याला एका डेटा सेंटरमध्ये कूलिंगचं काम बघतो. त्याला हे सांगितलं तर हसून म्हणाला, “मामा, साहेब न वाचता सही ठोकेल. आत्ताही ठोकतोच की.”

ठोकेल. पण त्या सहीवर अपील करता येतं, माहितीच्या अधिकारात ती फाइल मागता येते, साहेबाची बदली झाली तरी नाव कागदावर राहतं. ‘सिस्टीम घेत नाहीये’ या उत्तराविरुद्ध यातलं काहीही करता येत नाही, हे वॉर्ड ऑफिसच्या खिडकीवर उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. भाच्याला मी म्हटलं, न वाचता सही ठोकली तर ते पापही त्याच्याच नावावर. त्यावर तो म्हणाला, “असं असेल तर ते कागदावर छापून टाका, मग कदाचित वाचेल.” ही दुरुस्ती मला मान्य आहे.